नवरा जुगाराच्या नादी लागलाय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. आमचे हे अकरा वर्षं खेळले. आधी आकडा (मटका), मग पत्ते, शेवटची दोन वर्षं मोबाईल. त्यांचा खेळ सुटल्याला आता सहा वर्षं झाली. गावात हे माहीत झाल्यापासून बायका मला गाठतात. कोणी कापूस वेचताना, कोणी पिठाच्या गिरणीवर, कोणी रात्री अकराला फोन करून हळू आवाजात. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदा लिहून काढले. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. जे निस्तरलं आणि निस्तरताना जे शिकावं लागलं ते सांगते.

ताई, हा दारूला शिवत नाही, बाहेरचं काही नाही. नुसतं खेळतो. याला व्यसन कसं म्हणायचं?

व्यसनच म्हणायचं. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची जी यादी जानेवारी २०२२ पासून लागू आहे, तिच्यात जुगाराचं व्यसन हा वेगळा आजार म्हणून दारू-गांजाच्या व्यसनांच्या शेजारी नोंदलेला आहे. दारूचा निदान वास येतो, पाय लटपटतात. जुगाराला वास नाही, म्हणून तो वर्षानुवर्षं घरात राहतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही.

डॉक्टर नऊ खुणा बघतात आणि वर्षभरात त्यातल्या चार दिसल्या तर आजार धरतात. आमच्या घरात सात होत्या. पन्नासवर भागायचं तिथे पाचशे लावावेसे वाटू लागले. खेळायला मिळालं नाही की चिडचिड, मुलावर हात उगारणं. कितीदा सोडलं आणि कितीदा धरलं याला मोजदाद नाही. जेवताना, शेतात पाणी भरताना डोक्यात तेच. हरले की दुसऱ्या दिवशी ते "काढायला" परत जायचे. सगळ्यांशी खोटं बोलणं. आणि शेवटी माझ्या भावापुढे हात पसरणं. तुमच्या घरातल्या खुणा मोजून बघा.

मला कळणार कसं? त्याचा चेहरा तर हसताखेळता असतो.

चेहऱ्याकडे बघू नका, व्यवहाराकडे बघा. कापूस मोजून गेला पण पैसे "व्यापाऱ्याकडे अडकलेत", असं दोनदा झालं की समजा. आमच्या ह्यांनी खेडा खरेदीवाल्याकडून, म्हणजे गावात येऊन कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याकडून, पेरणीच्याच वेळी उचल घेऊन ठेवली होती. दिवाळीआधी काटा झाला तेव्हा तीस क्विंटल कापसाचे आमच्या हातात बारा हजार आले. मी विचारलं तर म्हणाले, "भाव पडला." मी भावाचा पेपर काढून दाखवला, तर ताटावरून उठून गेले.

बाकीच्या खुणा: फोन कायम पालथा ठेवणं, पासवर्ड बदलणं, रात्री मच्छरदाणीत पांघरुणाखाली उजेड, अनोळखी नंबरवरून येणारे मेसेज. मोटारसायकल "मित्राला दिली". विम्याचा हप्ता थकला. पतसंस्थेची नोटीस थेट शेतात पोहोचवायला सांगितली.

आणि दागिने हातात घेऊन बघा, नुसती डबी बघू नका. लग्नात मिळालेली माझी पोत मी एका हळदीला घालायला काढली तर हाताला हलकी लागली. सोनाराने कसाला लावायचीही तसदी घेतली नाही. नखाने एक मणी खरवडला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, ही एक ग्रॅमची आहे." खरी पोत दीड वर्षापूर्वी गेली होती आणि तशीच दिसणारी दुसरी डबीत आणून ठेवली होती. चोरीपेक्षा मला ते लागलं. इतका विचार करून त्यांनी मला फसवलं होतं.

"हरलेले एकदा निघाले की कायमचं सोडतो," असं आईची शपथ घेऊन सांगतो. मनापासून बोलतो का?

बोलताना मनापासूनच बोलतो, आणि ते वाक्यच आजार आहे. हरलेलं काढायला जाणं हीच तर खूण.

आकड्याचं गणित मी एकदा मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर मांडलं. शून्य ते नऊ, आकडे दहा. दहाही आकड्यांवर शंभर-शंभर लावले तर हजार रुपये गेले. एक आकडा लागणार हे नक्की. त्याचे साधारण नऊ पट मिळतात, म्हणजे नऊशे. एकही आकडा न चुकवता शंभर रुपये गेले! रोज खेळणाऱ्याचे असे शंभर रोज जातात, मधे एखादा दिवस लागला तरी. हे पान मी ह्यांना दाखवलं. त्यांना पटलं, आणि संध्याकाळी ते खेळायला गेले. गणित न कळल्यामुळे कोणी खेळत नाही, हे मला त्या दिवशी समजलं. सात लावला आणि आठ आला की मेंदूला ते हरणं वाटत नाही, "थोडक्यात हुकलं" वाटतं, आणि तेवढ्यावर माणूस महिनाभर धावतो. पैसे मिळण्यापेक्षा "आता लागेल" या क्षणाची चटक असते. कधी लागेल हे ठरलेलं नसतं, म्हणूनच ती सुटत नाही.

आपल्या भागातल्या माणसाला हेही माहीत असावं की आकडा आला कापसातूनच. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव मुंबईत यायचे आणि त्यावर पैसे लागायचे. आकड्यातले "ओपन" आणि "क्लोज" हे शब्द तिथले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते बंद पडलं, मग चिठ्ठ्या मडक्यातून काढायला लागले, म्हणून मटका. ज्या पिकाने आपली घरं उभी राहिली त्याच्याच भावाचा हा खेळ, याचं मला अजून वाईट वाटतं.

सासूबाई म्हणतात, तूच घरात कटकट करतेस म्हणून तो बाहेर रमतो. माझं काही चुकलं का?

नाही. तुम्ही गप्प बसला असतात तरी तो खेळला असता. मी तीन वर्षं गप्प होते, दोन वर्षं भांडले, एक वर्ष उपास केले. तिन्ही काळात ते सारखेच खेळले.

सासूबाईंचा राग धरू नका, पण त्यांना हिशेब दाखवा. माझ्या सासूबाई मुलाला लपवून पैसे द्यायच्या, निराधारचे पैसे यायचे त्यातून. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. एका दुपारी त्यांच्या शेजारी ओट्यावर बसले आणि सोनाराची चिठ्ठी, पतसंस्थेची नोटीस, उचलीचा कागद एकेक करून वाचून दाखवला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग डोक्यावरचा पदर पुढे ओढून म्हणाल्या, "काय व्हयनं माय?" त्या दिवसापासून त्यांच्या पिशवीची गाठ सुटली नाही.

देणेकरी दारात उभे आहेत. माझा भाऊ पैसे द्यायला तयार आहे. एकदाचं फेडून टाकू का?

या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देते, कारण इथेच आम्ही चार वर्षं वाया घालवली.

माझ्या वडिलांनी आधी दीड लाख भरले. गावात शोभा नको म्हणून. ह्यांनी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. पाचव्या महिन्यात परत साठ हजार झाले. मग भावाने भरले. परत तेच. प्रत्येक वेळी कर्ज फिटलं की ह्यांच्या छातीवरचं ओझं उतरायचं आणि बाजारात पत परत उभी राहायची. पत उभी राहिली की उसने मिळायचे, आणि उसने मिळाले की खेळ. आम्ही कर्ज फेडत नव्हतो, पुढच्या डावाचं भांडवल देत होतो.

म्हणून भावाला सांगा: पैसे राहू दे, माझ्या सोबत बस. घरातल्या पाण्याला, किराण्याला, मुलांच्या फीला मदत घ्या, आणि ती परस्पर शाळेत किंवा दुकानात भरायला लावा.

कर्जाची यादी करायची ती त्याच्या अक्षरात. एक वही घ्या. कोणाचे, किती, केव्हापासून, कशावर, काय गहाण. पहिल्या दिवशी पूर्ण यादी येत नाही. आमच्या ह्यांनी पहिल्या रात्री एक लाख ऐंशी हजार लिहिले, आठवड्याने तीन लाख, महिन्याने चार लाख दहा हजार. दर वेळी माझ्या पायाखालची जमीन सरकली, पण मी वही मिटली नाही. सिबिलचा, म्हणजे नावावरच्या कर्जांच्या नोंदीचा, रिपोर्ट काढा. अशा नोंदी ठेवणाऱ्या चार संस्था आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. मोबाईलवरच्या अॅपची बरीच कर्जं त्यात सापडतात.

मग क्रम लावा. आधी घर चालणं, मग पीककर्ज, कारण ते वेळेत भरलं तर व्याजाची सवलत टिकते. मग बँक आणि पतसंस्था. तिथे स्वतः जाऊन हप्ते पाडून मागा. मग नातेवाईक. जुगारातलं देणं सगळ्यात शेवटी. करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैज-जुगाराचा करार मुळातच रद्दबातल आहे, जिंकलेले पैसे कोर्टातून वसूल करता येत नाहीत. आणि फेडायचं त्याने, त्याच्या कष्टातून. आमचे हे दोन हंगाम स्वतःच्या शेताशिवाय दुसऱ्याच्या केळीत घड वाहायला गेले. त्या मजुरीतून जे फिटलं ते परत उभं राहिलं नाही.

सावकाराने कोऱ्या स्टॅम्पवर सही घेतलीय. घरी येऊन बोलतो.

त्याच्याकडे परवाना आहे का, हा पहिला प्रश्न. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याने परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात लेखी द्यायची आणि पोच घ्यायची. बेकायदा सावकाराने जमीन लिहून घेतली असेल तर ती परत मिळवण्याचीही तरतूद याच कायद्यात आहे. बँक-फायनान्सचे वसुलीवाले सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो त्यांना तोंडावर सांगा.

तुमची सही नसलेल्या कर्जाला तुम्ही बांधील नाही. बायको म्हणून देणं आपोआप अंगावर येत नाही. सही केलीत, जामीन राहिलात, की येतं.

पैसे माझ्या हातात कसे घेऊ? तो म्हणतो, मला भिकारी करतेस का?

हे त्याला शिक्षा म्हणून नाही, पायाला प्लॅस्टर घालतात तसं आहे, हे त्याला शांत वेळी सांगा. हरल्यानंतरच्या एक-दोन दिवसांत तो ऐकतो. तो दिवस वाया घालवू नका.

तुमचं स्वतःचं वेगळं खातं, ज्याचं एटीएम आणि पिन फक्त तुमच्याकडे. लाडकी बहीण योजनेचे पैसे, बचत गटाचे पैसे तिथेच. कापूस-केळीचं पेमेंट दोघांच्या सहीने चालणाऱ्या खात्यात. व्यापाऱ्याला आधीच भेटून सांगा की उचल द्यायची नाही, दिलीत तर मी जबाबदार नाही. लाज वाटते, पण एकदाच वाटते. त्याच्या फोनमधून यूपीआय काढा किंवा दिवसाची मर्यादा अगदी कमी ठेवा. खात्याचे मेसेज तुमच्या नंबरवर वळवा. त्याच्या खिशात रोजचा चहा-पेट्रोलचा पैसा असावा, आणि तो रात्री वहीत लिहिला जावा. दागिने माहेरी ठेवू नका, भावजयीशी वाद होतो. तुमच्या एकटीच्या नावाने लॉकर घ्या. स्त्रीधन तुमचं आहे, कायद्याने.

सध्या सगळ्यात जास्त फसतंय ते गटाच्या फायनान्समध्ये. कर्ज बाईच्या नावावर, अंगठा तिचा, पैसे त्याचे. दर आठवड्याला हप्त्याला बसायचं तिने. तुमच्या नावावर कर्ज काढायला तो म्हणाला तर ते नाही म्हणजे नाही.

जमिनीचं: लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्याने अर्ज दिला की सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. तलाठ्याला विचारा. वडिलोपार्जित जमीन विकायला निघाला असेल तर मुलामुलींच्या हिश्श्यासाठी दिवाणी कोर्टातून मनाई मागता येते. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. जिल्ह्याच्या कोर्टात कार्यालय असतं, फोन १५१००.

पोलिसांत देऊ का?

अड्ड्याची तक्रार जरूर करा, ११२ वर. आपल्याकडे जुगाराचा कायदा १८८७ चा आहे, पत्ते आणि आकड्याच्या धाडी त्याखाली पडतात. मोबाईलवरच्या पैशांच्या खेळांसाठी केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये वेगळा कायदा केला. रमी असो की क्रिकेटचा सट्टा, पैसे लावून ऑनलाइन खेळवणाऱ्याला आणि त्याची जाहिरात करणाऱ्याला शिक्षा आहे, खेळणाऱ्याला त्यात शिक्षा ठेवलेली नाही. तरी लिंकवरून, टेलिग्रामवरून खेळ चालूच आहेत. असल्या अॅपमध्ये पैसे अडकले, खात्यातून परस्पर गेले, तर १९३० वर लगेच कळवा.

पण नवरा पकडला गेला की सुधारेल, ही आशा धरू नका. आमचे हे एकदा धाडीत सापडले. दुसऱ्या दिवशी जामिनाचे पैसे मीच भरले, आणि तिसऱ्या दिवशी अड्डा दुसऱ्या मळ्यात सुरू झाला.

उपचार कुठे मिळतात? त्याला वेड्यांच्या डॉक्टरकडे नेलं म्हणतील.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. केसपेपर काढताना "मनोविकार विभाग" एवढं सांगायचं. खिडकीवरचा माणूस कारण विचारत नाही.

त्याआधी घरबसल्या फोन करायचा असेल तर टेलिमानस, १४४१६. केंद्र सरकारची सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्री लागतो आणि मराठीत बोलता येतं. मी मदतीचा पहिला फोन, ही सेवा नव्हती तेव्हा, दुसऱ्या नंबरवर गोठ्यात उभं राहून केला होता, आणि तो ह्यांच्यासाठी नव्हता, माझ्यासाठी होता. मला झोप लागत नव्हती. तुमचा नवरा तयार नसेल तर तुम्ही एकट्या जा. घरचा एक माणूस आधी सावरला तर पुढचं सोपं जातं, हे मी अनुभवाने सांगते.

जुगार सुटायची अशी एकच गोळी नाही. मुख्य उपचार बोलण्याचा असतो: कोणत्या वेळी ओढ लागते, तेव्हा मनात कोणता विचार येतो, तो कसा तपासायचा, त्या अर्ध्या तासात काय करायचं. सोबत उदासी, झोप, दारू यांवर औषधं देतात, काहींना ओढ कमी करणारं औषधही. एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: कंपवाताच्या काही औषधांनी म्हातारपणी अचानक जुगाराची ओढ लागू शकते. घरातल्या वयस्कर माणसाचं असं झालं तर गोळ्यांची पट्टी घेऊन डॉक्टरला दाखवा, स्वतः बंद करू नका.

व्यसनमुक्ती केंद्रात नेणार असाल तर आधी फोन करून विचारा, जुगाराचे रुग्ण घेता का. बरीच केंद्रं दारूभोवती चालतात. चहात पूड टाकून, न सांगता व्यसन सोडवतो म्हणणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका. अशा एकाने माझे चार हजार घेतले आणि ह्यांना तीन दिवस जुलाब झाले.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) तर सगळेच खेळतात. "सणाचा एक डाव" म्हणतो. काय करू?

आखाजी आपला जीव की प्राण. लेकी माहेरी येतात, गौराई बसते, निंबाला झोके, घरोघर घागर आणि आंब्याचा रस. आणि पुरुष पारावर, खळ्यात, गोठ्यात पत्ते घेऊन बसतात. लहानपणी मी माझ्या आजोबांच्या मांडीवर बसून पत्ते धरलेत. त्यामुळे "हे पापच" असं मी म्हणणार नाही. ज्याला हात आवरतो त्याचा तो चार तासांचा विरंगुळा असेल. ज्याला हा आजार झाला त्याला एक डावसुद्धा नाही, गोडेतेलाच्या पैजेवरही नाही. दारूचं जसं एका घोटाने सुरू होतं तसंच.

आखाजीला धोका तिहेरी असतो. सालदाराचं नवं साल तेव्हाच ठरतं, म्हणून गावात रोख हिंडत असते. आयपीएल त्याच महिन्यात चालू असते, दर चेंडूवर भाव. आणि घरच्या बाया माहेरी गेलेल्या असतात, म्हणजे घर रिकामं.

पहिल्या वर्षी मी माहेरी गेले नाही. माझ्या आईला वाईट वाटलं, मलाही. दुसऱ्या वर्षी ह्यांनाच सोबत घेऊन गेले. ते माझ्या भावाबरोबर दिवसभर ठिबकच्या नळ्या गुंडाळत होते. संध्याकाळी खळ्यातून "चाल, झन्ना-मन्ना" म्हणून पत्त्यांच्या डावाची हाक आली. हे उठले, माझ्याकडे पाहिलं, आणि विहिरीकडे जाऊन पंप बघत बसले, लाइट नव्हती तरी. मी लांबूनच बघत होते. मी काही बोलले नाही, चहा करून पाठवला. आता ते स्वतः आधी सांगतात, या चार दिवसांत मला मोकळं ठेवू नकोस.

मित्रांना कसं टाळायचं हे घरात आधी ठरवून ठेवा, ऐन वेळी सुचत नाही. "डॉक्टरने बंद केलंय" एवढं पुरतं.

मुलांना सांगायचं का?

त्यांना तुमच्यापेक्षा आधी कळलेलं असतं. आठ-दहा वर्षांच्या मुलाला एवढंच सांगा: पप्पांना पैशाच्या खेळाचा आजार झालाय, औषध चालू आहे, तुझी काही चूक नाही. मुलाला हेर बनवू नका. मी माझ्या मुलाला "पप्पा कुठे जातात बघून ये" म्हणून धाडलं होतं. तो परत आल्यावर खोटं बोलला, बापाला वाचवायला. ते ओझं मी त्याच्यावर घातलं, याची टोचणी मला आजही आहे.

जिवाचं बरंवाईट करीन म्हणतो. धमकी समजू की खरं?

खरंच समजा. जुगारात बुडालेल्यांमध्ये आत्महत्येचा धोका जास्त असतो, आणि कर्ज उघडकीला आलेला दिवस, वसुलीवाला दारात आलेला दिवस सगळ्यात नाजूक. त्याला सरळ विचारा, "तुझ्या मनात मरायचे विचार येतात का?" विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही, उलट माणूस मोकळा होतो. फवारणीची औषधं घरातून, गोठ्यातून आजच हलवा, दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा. आपल्या शेतकरी घरात ही एवढी गोष्ट जीव वाचवते. त्याला एकटं सोडू नका, १४४१६ लावा, वेळ नाजूक वाटली तर ११२ किंवा थेट सिव्हिल. पण तो घाबरवतोय म्हणून हातात पैसे देऊ नका. सोबत द्या, रात्रभर जागा, पैसे नाही.

आणि तुमच्याच मनात असं येत असेल तर हाच नंबर तुमच्यासाठी आहे. आजच लावा.

मारतो. तरी "आजारी आहे" म्हणून सोसू?

नाही. आजार जुगाराचा आहे, हात उचलण्याचा नाही. मुलं घेऊन सुरक्षित जागी जा. ११२, किंवा महिलांसाठी १८१. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात घरखर्च बंद करणं, दागिने विकणं हीसुद्धा हिंसाच धरली आहे, आणि राहत्या घराचा हक्क आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार द्या. कोणी सोडून जायचं ठरवलं तर तिला मी कधी परत जा म्हणत नाही.

माझी बायकोच खेळते. भिशीच्या नावाने ऑनलाइन रमी. हे सगळं लागू होतं का?

लागू होतं, दादा. फक्त बाईला लोक जास्त टाकून बोलतात, म्हणून ती जास्त लपवते. तिच्या माहेरी फोन लावून पंचायत बसवू नका. आधी डॉक्टरकडे.

आठ महिने बंद होता, परवा परत खेळला. सगळं पाण्यात गेलं का?

आठ महिने पाण्यात गेले नाहीत. आमच्याकडे असं तीनदा झालं. दुसऱ्यांदा मी वही फाडली होती, तेव्हा डॉक्टर म्हणाले, वही नवी घ्या, पण पहिल्या पानावर लिहा, काय झालं होतं त्या दिवशी. लिहिलं. केळीला गारपीट झाली होती, विमा आला नव्हता, आणि यूपीआयची मर्यादा मी विश्वासाने वाढवून दिली होती. पुढच्या वेळी गारपिटीनंतर मी आधी फोन मागून घेतला. तुम्हीही तेच शोधा: कोणत्या फटीतून पैसा मिळाला, आणि त्या दिवशी मन कशाने खचलं होतं. ती फट बुजवा. त्याने स्वतः येऊन सांगितलं असेल तर त्याला तेवढं मोठेपण द्या, ओरडून घालवू नका. पुढच्या वेळी तो लपवेल.

विश्वास परत कधी बसतो?

मला पाच वर्षांनी थोडा बसला. अजूनही ह्यांना यायला उशीर झाला की पोटात गोळा येतो, आणि मी तो लपवत नाही.

गेल्या दिवाळीआधी कापसाचं पेमेंट रोख मिळालं, कारण बँकेला सुट्टी होती. हे नोटा रुमालात बांधून घरी आले. चुलीपाशी बसून माझ्यासमोर एकेक बंडल मोजलं, मग सासूबाईंना मोजायला दिलं, मग परत माझ्याकडे. त्यात दोनशे कमी होते. "हमालाला दिले," म्हणाले, आणि खिशातून चुरगळलेली पावती काढली. मी पावती सरळ करून वहीत चिकटवली. मग सगळ्यांची ताटं घेतली.